'आम्ही' आणि 'आपण'

मराठी भाषेत एक सोय आहे, जी इंग्रजीत नाही. इंग्रजीत बोलणाऱ्यांच्या समूहासाठी एकच शब्द, आपल्याकडे दोन. 'आम्ही' म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. 'आपण' म्हटले की तो आत येतो. 'आम्ही जेवायला बसतो' आणि 'आपण जेवायला बसू' या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे उंबऱ्याबाहेर उभे राहिलेल्या माणसाला विचारावे. व्याकरणात हा भेद दोन ओळींत संपतो. सभेत मात्र त्याच्यावर राज्ये उभी राहतात आणि संप मोडतात.

आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले. परंतु आयुष्याची तीस वर्षे फाटकासमोर उभे राहून भाषणे देण्यात आणि दुसऱ्यांची ऐकण्यात गेली. त्या अनुभवामुळे ऐक्याच्या भाषणांकडे पाहण्याची एक दृष्टी आली आहे. ती येथे मांडावयाची आहे.

सुरुवात स्वतःच्या फजितीपासून करणे बरे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या हंगामात आम्ही पहिली फाटकसभा घेतली. वय पंचविशीचे, घसा तयार. आपण सारे कामगार एक आहोत, कामगाराला जात नसते, घामाचा रंग एकच असतो, असे बरेच काही बोललो. टाळ्याही पडल्या. सभा संपल्यावर रेच्यावर कापूस टाकणारी एक वयस्क बाई पुढे आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमी मघापासून आपण-आपण म्हणून राह्यले. मंग माठ दोन काहून हायेत?" आम्ही पाहिले. एक माठ फाटकाजवळ सावलीत होता, दुसरा सरकीच्या ढिगामागे. आम्ही सभेच्या आधी पहिल्या माठातले पाणी प्यालो होतो आणि दुसरा माठ आमच्या दृष्टीसच पडला नव्हता. "मावशी, चुकलं," एवढेच त्या दिवशी बोलता आले.

तेव्हापासून कोणतेही ऐक्याचे भाषण ऐकले की आमच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : या माणसाने दुसरा माठ पाहिला आहे काय? हाच प्रश्न घेऊन आपल्या सार्वजनिक भाषणांच्या इतिहासातून एक फेरी मारू.

पहिले नाव जोतीराव फुल्यांचे. 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली निघाले आणि ते जोतीरावांनी अर्पण केले अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, कारण त्यांनी तेथील हबशी गुलामांना दास्यातून मुक्त केले होते. पुण्यातल्या एका माणसाने सात समुद्रांपलीकडच्या गुलामांकडे पाहून आपल्या शूद्रातिशूद्रांची कैफियत मांडावी, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. त्या दिवसांत युरोपातले पंडित आर्य वंशाचा सिद्धांत सांगत होते. येथील उच्चवर्णीयांना तो गोड लागला, कारण त्यामुळे ते साहेबाचे दूरचे भाऊबंद ठरत होते. जोतीरावांनी तीच काठी उलटी धरली. आर्य बाहेरून आले असतील तर ते आक्रमक ठरतात, आणि बळीराजाची प्रजा ही मूळची धनी ठरते, असे त्यांनी सांगितले. वंशाची गोष्ट ज्याच्या हाती असेल त्याच्या बाजूने बोलते, हे त्यांनी दाखवून दिले.

परंतु त्यांचे ध्येय वंशावंशांची लढाई लावण्याचे नव्हते. शूद्र, अतिशूद्र, भिल्ल, कोळी अशा सर्वांना विद्या मिळून जोपर्यंत येथले लोक 'एकमय' होत नाहीत, तोपर्यंत राष्ट्र या शब्दाला अर्थ नाही, असा त्यांचा दावा होता. 'एकमय' हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. राष्ट्र आधीच आहे, फक्त त्याच्या नावाने जयघोष करावयाचा, असे सभांतून सांगितले जाई. जोतीरावांचे म्हणणे असे की राष्ट्र अजून घडावयाचे आहे.

यानंतर १९१८ सालच्या मार्च महिन्यातील मुंबईकडे वळू. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या खटपटीने तेथे अस्पृश्यता-निवारणाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी सयाजीराव गायकवाड होते. लोकमान्य टिळक तेथे बोलले. देव जर अस्पृश्यता मानू लागला तर त्याला आपण देव म्हणणार नाही, अशा आशयाचे ते उद्गार महाराष्ट्रभर गाजले. याहून जोरदार वाक्य कोण बोलणार? पण त्याच परिषदेत एक प्रतिज्ञापत्रक निघाले. सही करणाऱ्याने स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता पाळावयाची नाही, अशी ती प्रतिज्ञा होती. लोकमान्यांनी त्यावर सही केली नाही.

हे आम्ही लोकमान्यांना कमीपणा आणण्यासाठी सांगत नाही. सरकारच्या तुरुंगाला न डगमगलेला तो पुरुष होता. परंतु कामगार संघटनेत काम करणाऱ्याला टाळी आणि सही यांतला फरक लवकर समजतो. टाळी वाजविणारे हजार असतात. वर्गणीच्या पावतीवर सही करणारे मोजके. ज्याने इंग्रजी सत्तेला आव्हान दिले त्याचाही हात या एका कागदापाशी थांबला, यावरून तो कागद किती जड होता याची कल्पना यावी.

आता गिरणीत शिरू, कारण आमच्या विषयाचा गाभा तेथे आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य समाजातील हजारो कामगार होते, पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नसे. पगार तेथे अधिक. मग अडचण कोणती? धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे ओठ लागले, त्याला आपले ओठ कसे लावावयाचे, असा सवर्ण विणकराचा प्रश्न होता. मालक दोघांचेही रक्त सारखेच आटवीत होता, पण धोटा मात्र विटाळत होता.

१९२८ च्या एप्रिलमध्ये गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि तो ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने चालला. जगातले कामगार एक आहेत, ही घोषणा तेव्हा मुंबईच्या रस्त्यारस्त्यांवर दुमदुमत होती. अशा वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की विणकाम खात्याचे दार उघडण्याची मागणी तुमच्या यादीत आहे काय? ती नसेल तर आमच्या लोकांनी या संपात का उपाशी राहावे? पुढाऱ्यांनी नाखुशीनेच ती मागणी घेतली. मालकांनी उत्तर दिले की हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे; आम्ही कोणाला अडविलेले नाही. आणि दुर्दैव हे की मालकांचे ते उत्तर त्या एका बाबतीत खरे होते. अडविणारा हात कामगाराचाच होता.

त्या वेळी अनेकांनी म्हटले की आंबेडकर कामगारांत फूट पाडतात. हा आरोप आम्ही आमच्या तरुणपणीही ऐकला आहे. माणसे बदलतात, वाक्य तेच राहते. त्याला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर १९३८ सालचे आहे.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी सांगितले की या देशातील कामगाराला दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. पहिल्या शब्दाने अनेकजण चमकले असतील. पण लगेच त्यांनी त्याचा अर्थ सांगितला की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांना नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्वच वर्गांत शिरलेली आहे. हे स्पष्टीकरण आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. सभेत शत्रूला जातीचे नाव देणे सर्वांत सोपे असते, टाळी तेथेच पडते. त्यांनी ती टाळी सोडून दिली आणि रोगाला वृत्तीचे नाव दिले, म्हणजे तो रोग समोर बसलेल्या माणसातही असू शकतो हे सुचविले.

पुढे त्यांनी रेल्वेतले दाखले दिले. दलित माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच जन्म काढतो. त्याला साधे हमालाचे काम मिळत नाही. कारण स्टेशन मास्तर हमालाकडून घरचीही कामे करून घेतो, आणि घरात अस्पृश्य कसा चालेल? रुळावर चालतो, उंबऱ्यावर चालत नाही. असे दाखले देऊन ते म्हणाले की कामगारांची एकजूट व्हावी असे ज्याला वाटते त्याने वंश आणि धर्म यांच्या नावाने एका कामगाराला दुसऱ्याचा वैरी करणारी कारणे नाहीशी करावीत. जो हक्क तू दुसऱ्या कामगाराला द्यावयास तयार नाहीस तो स्वतः मागणे चूक आहे, हे कामगाराला त्याच्या तोंडावर सांगावे.

आता पुढचा महत्त्वाचा भाग पाहा. त्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, मुंबई सरकारच्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, असे बाबासाहेबांनी विधिमंडळात सांगितले होते. त्या दिवशी त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि डांगे, मिरजकर यांचे कम्युनिस्ट एकाच बाजूला उभे होते. ज्यांच्यावर फूट पाडल्याचा आरोप होता तेच नऊ महिन्यांनी एकजुटीच्या अग्रभागी आले. भेद उघड बोलल्याने ऐक्य मोडते, हे जर खरे असते तर हा दिवस उगवलाच नसता. अर्थात ती एकजूट पुढे टिकली नाही, आणि १९२९ च्या गिरणी संपाला बाबासाहेबांनी विरोध केला होता, हेही सांगितले पाहिजे. इतिहास सोयीपुरता सांगणे हीसुद्धा वक्तृत्वाची एक लबाडीच होय.

आमच्या जिल्ह्यातही ऐक्याचा एक मोठा प्रयोग झाला, तो १९३० साली. गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडात समुद्र कुठला? अकोल्याकडे दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले गेले. पण सामान्य वऱ्हाडी माणसाचे रोजचे दुखणे जंगलाचे होते. गवत, सरपण, चराई या प्रत्येक गोष्टीला सरकारी बंदी. तेव्हा वणीत जन्मलेले आणि यवतमाळला वकिली करणारे लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला गवत कापून जंगलचा कायदा मोडला आणि तुरुंग पत्करला. यातली चतुराई ओळखली पाहिजे. कुणबी, बंजारा, गोंड, कोलाम यांना एकत्र आणण्यासाठी त्यांना राष्ट्र या शब्दाची व्याख्या सांगावी लागली नाही. विळा दाखवला आणि काम झाले. समान अडचण हीच त्या सत्याग्रहाची भाषा होती.

परंतु येथेही दुसरा माठ होता. शेतकऱ्याला जंगलातून गवत हवे होते. कोलामाचे तर घरच जंगलात होते. स्वराज्य आले आणि वनखात्याचा शिपाई तोच राहिला. वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे शब्द देशाच्या कायद्यात यावयास २००६ चा वनहक्क कायदा व्हावा लागला. पुसदच्या विळ्यापासून त्या शब्दांपर्यंत शहात्तर वर्षे गेली. 'आपण' म्हणून बोलावून घेतलेल्या माणसाचा हिशेब किती काळ थकतो, याचे हे आमच्या घरचे उदाहरण.

वंशाच्या प्रश्नाकडे पुन्हा एकदा येऊ. जोतीरावांनी वंशकथा उलटी केली. बाबासाहेबांनी तिचा पायाच काढला. १९३६ साली लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, परंतु परिषद रद्द झाल्यामुळे न झालेल्या भाषणात त्यांनी दाखविले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार हे एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परया हेही एकाच वंशाचे. जात ही वंशाची विभागणी नव्हेच. म्हणजे हा भेद रक्तात नाही, मनात आणि व्यवहारात आहे. ही गोष्ट एका दृष्टीने दिलाशाची आहे. रक्त बदलता येत नाही. व्यवहार बदलता येतो. पण म्हणूनच जबाबदारीही टाळता येत नाही.

त्यांचे २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतील भाषण या दृष्टीने वाचावे. देशभर आनंदीआनंद होता, कोणीही गोड बोलून मोकळा झाला असता. त्यांनी सांगितले की २६ जानेवारी १९५० पासून आपल्या जीवनात विसंगती येणार आहे. राजकारणात समता राहील आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. मग त्यांनी अमेरिकेतील एका चर्चची हकीकत सांगितली. आमच्या राष्ट्राला आशीर्वाद दे, अशी प्रार्थना तेथे सुचविली गेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्र हा शब्द फारच एकजिनसी वाटतो म्हणून लोकांनी आक्षेप घेतला आणि त्या जागी संयुक्त संस्थाने असा शब्द घातला. जे स्वतःला राष्ट्र म्हणावयास कचरले त्यांचे ते धैर्य पाहा. आणि हजारो जातींत विभागलेले आपण, आधीच राष्ट्र झालो आहोत असे समजतो! जाती राष्ट्रविरोधी आहेत, असे ते स्पष्ट म्हणाले. या सर्व भाषणात ते 'तुम्ही' म्हणून बोट दाखवीत नाहीत. दोष सांगतानाही ते सर्वांना आत घेतात.

अमेरिकेतही पुढे हेच घडत आले. मार्टिन ल्यूथर किंग यांचे वॉशिंग्टनमधील २८ ऑगस्ट १९६३ चे भाषण लोकांना स्वप्नासाठी आठवते. परंतु त्याचा आरंभ न वठलेल्या धनादेशाच्या दृष्टांताने आहे. बराक ओबामा यांनी १८ मार्च २००८ रोजी फिलाडेल्फियात वंशाच्या प्रश्नावर भाषण केले, त्यात काळ्यांचा राग आणि गोऱ्यांची कुरकुर या दोन्ही गोष्टी नावानिशी मांडल्या. आधी थकबाकी, मग ऐक्य. हा क्रम तेथेही चुकलेला नाही.

महाराष्ट्र राज्य झाले तेव्हाही एक प्रश्न असाच उघड विचारला गेला. नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांनी यशवंतराव चव्हाणांना विचारले, हे राज्य मराठी की मराठा? हा प्रश्न पुष्कळांच्या मनात होता, पण ओठांवर नव्हता. यशवंतरावांनी तो टाळला नाही. हे राज्य मराठी माणसांचे राहील, असे उत्तर दिले. विदर्भाच्या बाबतीत तर भाषणावर भागले नाही. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला, पुढे घटनेच्या ३७१ व्या कलमात विकास मंडळांची तरतूद आली. करार पुरता पाळला गेला काय, याचे उत्तर १९८४ च्या दांडेकर समितीच्या अनुशेषाच्या आकड्यांत आहे. विकास मंडळे १९९४ साली आली आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तरीही आम्ही म्हणू की कागदावर सही होती म्हणून हिशेब तरी मागता आला. नुसत्या टाळीचा हिशेब कोणाकडे मागणार?

आज हे सारे सांगण्याचे कारण आहे. २०२५ साली हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन बंजारा समाजाने अनुसूचित जमातींत समावेशाची मागणी जोराने पुढे आणली आणि आदिवासी संघटनांनी तिला विरोध केला. आमच्या जिल्ह्यात हे दोन्ही समाज एकाच बाजाराला येतात, एकाच खाणीत, एकाच जिनिंगमध्ये राबतात. त्यांच्यातला वाद कायद्याने सुटावयाचा आहे. तो येथे सोडविण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण अशा वेळी दोन प्रकारचे वक्ते हमखास उभे राहतात. एक म्हणतो, ते तुमचा घास काढून घेत आहेत. दुसरा म्हणतो, आपण सारे एक आहोत, वाद कसला? पहिल्याचा धोका सर्वांना दिसतो. दुसऱ्याचा दिसत नाही. वाद का आहे, घास एवढा लहान कोणी केला, नोकऱ्या आणि शाळा का आटल्या, हे न सांगता तो फक्त गप्प बसावयास सांगतो. आणि गप्प नेहमी अधिक गरजू माणसालाच बसावे लागते.

त्या जिनिंगच्या माठांचे पुढे काय झाले, हे सांगून संपवतो. पुढच्या सभेत आम्ही मजुरीच्या आधी पाण्याचा विषय काढला. मालकाला त्याचे काहीच नव्हते. मालकाने माठ दोन ठेवा असे कधी सांगितले नव्हते. तिघांनी आमच्या वर्गणीच्या पावत्या परत केल्या, त्यांतला एक पुढल्या हंगामात परत आला. चार महिन्यांनी एका टाकीला दोन नळ लागले. टाकी एक झाली, पण काही दिवस माणसे आपापला नळ धरून होती. मग एका उन्हाळ्यात एक नळ बिघडला आणि कोणी दुरुस्त केला नाही. ती मावशी पाणी प्याली आणि ओला हात पदराला पुसत म्हणाली, "आता बोला भाऊ, काय बोलाचं ते."